आमच्या घरचे राज्यपाल

हरभऱ्याला घाटे धरले की माझं पोट दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवावं असं हे दुखणं नाही. दुसऱ्याचं बरं झालेलं बघून जे दुखतं ते हे, आणि त्यावर ओवा चालत नाही. बाकीचं वर्ष मी ठणठणीत असते. पण घाटे धरले, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, वसमत रोडच्या टपऱ्यांवर पोरापोरींच्या काखेत जाडजूड पुस्तकं दिसायला लागली, की कळ येते.

यंदा ती जरा जोरातच आली. टपाल फोडताना आयोगाचं पत्र निघालं. राज्यसेवेची पूर्व परीक्षा, केंद्र परभणी, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका तातडीने कळवाव्यात. त्या नेमणुकांची यादी मी करते. जिल्हाधिकारी कार्यालयात अव्वल कारकून आहे मी. जी परीक्षा मला पास होता आली नाही, तिची राखण दरवर्षी माझ्याकडं असते. यादीच्या डोक्यावर केंद्रप्रमुखाचं नाव लिहायचं असतं, आणि ते काम आमच्याकडं निवासी उपजिल्हाधिकारी बघतात. दिवाळीनंतर त्या खुर्चीत बदलून आलेली बाई म्हणजे अर्चना. माझी अर्ची. एका पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघींनी एक अख्खा हिवाळा एकाच बादलीतलं ऊन पाणी अर्धं अर्धं घेतलं होतं. तिचं नाव टाइप करताना मी तीनदा चुकले, कीबोर्डला दोष दिला आणि चहाला गेले.

चारचौघांत मी तिला मॅडम म्हणते. ती मला ज्योतीताई म्हणते. दालनात कुणी नसलं की ती हळूच ‘ज्योते’ म्हणते, आणि मी तरीही मॅडमच म्हणते. तेवढीच एक गोष्ट माझ्या हातात आहे.

तो हिवाळा. खोली गच्चीवर होती. खाली घरमालकीण मावशी, वर आम्ही. परभणीची थंडी ज्यानं पत्र्याखाली काढली नाही त्यानं थंडीबद्दल बोलू नये. पहाटे पत्र्यावरून दवाचा थेंब नेमका मानेवर पडायचा. अर्ची गंगाखेडची. वडील नव्हते, आई शाळेत खिचडी शिजवायची, घरात माणसं दोनच. तिच्या पिशवीत आईनं बांधून दिलेला गुळाचा खडा असायचा आणि भुईमुगाचे दाणे. तुमच्या गावच्या कारखान्याच्या मळीचा वास तुझ्या स्वेटरला येतो, असं मी तिला म्हणायचे. वास येत नव्हता. तिचा स्वेटर माझ्यापेक्षा चांगला होता, आईनं विणलेला, तपकिरी, आणि माझ्यासाठी कुणी काही विणत नव्हतं. म्हणजे परीक्षा वगैरे पुढची गोष्ट, माझी सुरुवात स्वेटरपासून झाली होती.

अभ्यासात मात्र तेव्हा मी पुढं होते. हे मी आज कुणाला सांगितलं तर लोक ‘हो का’ म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. पण होते. विशेषतः राज्यघटना. अर्चीला राज्याच्या कार्यकारी मंडळाचा धडा काही केल्या उमगत नव्हता. एका सकाळी तिनं पुस्तक आपटलं.

“राज्यपालच समदं करतो असं लिवलंय. अन् राज्यपाल सोताहून काहीच करत न्हाई असंबी लिवलंय. मग करतो कोन?”

“तू आमच्या घरी ये एकदा,” मी म्हणाले. “पेडगावला. आमच्या घरी समदं मंत्रिमंडळ हाय.”

आणि मी तिला आमचं घर सांगितलं. अण्णा म्हणजे माझे आजोबा. सातबारा त्यांच्या नावावर, लग्नपत्रिकेत पहिलं नाव त्यांचं, गावात कुणी काही विचारलं तर ‘अण्णांनी ठरवलंय’ हे उत्तर. पण कापूस लावायचा का सोयाबीन, म्हैस ठेवायची का विकायची, हे ठरवणार तात्या, थोरले चुलते. ठरलं की तात्या अण्णांच्या बाजेपाशी जाऊन सांगणार आणि अण्णा मान डोलावणार. अण्णा राज्यपाल, तात्या मुख्यमंत्री.

“अन् अण्णांनी मान न्हाई डोलावली तर?”

“दोन दिस रुसतेत. मग डोलावतेत.”

मोठी काकू मुख्य सचिव. कोठीच्या खोलीची चावी तिच्या कमरेला. पाहुण्यांना पुरणपोळी घाला, असा हुकूम तात्यांचा; डाळ किती, गूळ कुठला, वाटणार कोण, हे काकू बघणार, आणि गूळ नाही म्हणाली की मुख्यमंत्रीसुद्धा गप. माझे वडील शेतीमंत्री. धाकटे काका विहिरीवरच्या मोटारीचं बघायचे, म्हणून पाटबंधारे त्यांच्याकडं. आणि सोयाबीन बुडालं तर बाहेर कुणी तात्यांचं नाव घ्यायचं नाही, ‘आमी समद्यांनी मिळून पेरलं हुतं’ म्हणायचं. याला सामूहिक जबाबदारी म्हणतात.

अर्ची हसून हसून लोळली. मग उठून वहीत लिहायला लागली. ती पेन्सिलीनं लिहायची. बोटाएवढी उरलेली पेन्सिल, मागं चावलेलं खोडरबर.

“पेन्सिल कामून?”

“चुकलं तर खोडता येतं.”

“मी सांगितलेलं चुकत न्हाई,” मी म्हणाले. माझ्या हातात निळं पेन होतं आणि माझ्या वह्यांत खाडाखोड नसायची. त्याची मला फार ऐट होती.

“मग तुमच्या घरात तू कोन?” तिनं विचारलं.

“मी जनता.”

“अन् मी आले तर?”

“तू पाहुणी.”

संक्रांतीनंतर ती खरंच आली. शेतात हुरडा होता. लिंबाखाली आगटी पेटलेली, गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जातोय, तळहातावर कणसं चोळून हात हिरवे झालेत, आणि काकू सगळ्यांना पानावर शेंगदाण्याची चटणी वाढतेय. आजही कुठं आगटीचा धूर आला की माझ्या तोंडाला आधी पाणी सुटतं, आणि लगेच ते कडू होतं. कारण त्या दुपारी आगटीभोवती माझा निकाल लागायचा होता. मला आणखी एखादं वर्ष अभ्यासाला द्यायचं, का यंदा काय ते करून उन्हाळ्यात लग्न उरकायचं.

माझ्या बाजूनं बोलायला एकच माणूस होता, आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सेलूच्या कोर्टात कारकून, देवगाव फाट्याला गाडी बदलून मुद्दाम आले होते. जावई म्हणून त्यांना सतरंजीवर बसवलेलं, हुरड्याचा पहिला घास त्यांचा. मामा अर्धा तास बोलले. पोरगी हुशार हाय, दोन साल द्या, घराचं नाव काढंल. कोर्टातली दोन-चार भारी वाक्यंही टाकली. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग आमच्या घरच्या रीतीप्रमाणं तात्यांनी एकेकाला विचारलं, वयाच्या क्रमानं. काकू? न्हाई. माझे वडील? त्यांनी खाली बघितलं आणि न्हाई म्हणाले. तात्यांची नजर मामांपाशी आली आणि त्यांच्या डोक्यावरून पुढं धाकट्या काकांकडं गेली. जावयाला आमच्यात विचारत नाहीत. तो पाहुणा, त्यानं बोलावं, खावं आणि जावं. मामांनी एक कणीस उचललं आणि निमूट चोळायला घेतलं.

तात्यांनी अण्णांच्या कानात सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि घसा साफ केला. “मी ठरवलंय,” अण्णा म्हणाले, “पोरीचं यंदा शेवटचं.”

माझ्या शेजारी बसलेल्या अर्चीनं मला कोपरानं ढोसलं आणि पुटपुटली, “कलम एकशे सहासष्ट. कारभार राज्यपालाच्या नावानं.”

माझ्या आयुष्याचं चाललं होतं आणि ही उजळणी करत होती! मला असं वाटलं की तिचे ते हुरड्यानं हिरवे झालेले हात आगटीत खुपसावेत. वर अण्णा तिच्याकडं बघून म्हणाले, “ही पोरगी बारीक लक्ष देती. ही साहेब व्हनार बगा.” माझे आजोबा. माझ्या देखत. आपल्या घरचं राज्यपालपद मी त्यांना दिलं होतं, आणि शिफारस त्यांनी भलत्याच पोरीची केली.

परत आल्यावर आठवडाभरात सराव परीक्षेचा निकाल क्लासच्या फळ्यावर लागला. अर्ची पहिली. मी चौथी. कार्यकारी मंडळाचे तिचे सगळे प्रश्न बरोबर होते. मी शिकवलेले. ती पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. “तुज्यामुळंच, ज्योते.” तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि फळ्यावरच्या तिच्या नावाकडं बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी आम्ही गच्चीवर उन्हाला बसलो. धड्यातला एकच माणूस राहिला होता, महाधिवक्ता. म्हणजे राज्य सरकारचा कायद्याचा सगळ्यात मोठा सल्लागार. राज्यपाल त्याला नेमतात. तो विधानसभेत बसू शकतो, बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही. दरवर्षी यावर प्रश्न येतो आणि दरवर्षी पोरं त्यात पडतात.

“हा आमच्या घरात कोन?” तिनं पेन्सिल सरसावून विचारलं. आमच्या घरात म्हणाली. ‘तुमच्या’सुद्धा नाही.

“हे आमचे मामा,” मी म्हणाले. “नेमनूक राज्यपालाची. सभागृहात बसता येतं, बोलता येतं.”

“अन् मत?”

मी पेनाचं टोपण लावलं. “मतबी देता येतं,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. क्षणभरच, उन्हामुळं डोळे बारीक करून. मग मान खाली घालून तिनं वहीत लिहिलं. मला पेन्सिलीचा खरखर आवाज ऐकू आला. मी डबा आणायला खाली गेले आणि जिन्यात एकदा मागं वळले, हे खरं. पण परत येऊन खोटं दुरुस्त केलं नाही, हेही खरं. शेवटचं वर्ष माझं होतं, तिचं नव्हतं. तिची आई तिला दहा वर्षं खिचडी शिजवून शिकवायला तयार होती.

परीक्षेला आमचा हॉल एकच निघाला. ती माझ्या दोन बाकं पुढं, तपकिरी स्वेटर, पाठीवर वेणी. आणि प्रश्न आला. महाधिवक्त्याविषयी पुढीलपैकी कोणतं विधान अयोग्य आहे? मी डोळे मिटून बरोबर गोल रंगवला. मग मान वर केली. आता ती या प्रश्नापाशी आली असेल का? तिचा हात थांबला का चालला? थांबला. का थांबला? मी तिची पाठ वाचत राहिले, आणि माझा पेपर तसाच पडून राहिला. शेवटची घंटा झाली तेव्हा माझे सात गोल कोरे होते. एकालाही मी अडले नसते. निकालात मी जेवढ्या गुणांनी राहिले, ते सातांहून कमी होते.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नवरा शिक्षक, माणूस चांगला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंच पुढं मला कारकुनाची परीक्षा द्यायला लावली. अर्ची मुख्य परीक्षा पास झाली, मुलाखत पास झाली, आणि एका संध्याकाळी मी माहेरी आले असताना धाकट्या काकांनी मोबाइल सगळ्यांच्या मधे धरला. क्लासवाल्यांनी तिचा सत्कार केला होता आणि ती माईकवर बोलत होती. “मुलाखतीत मला राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांचं नातं विचारलं,” ती सांगत होती. “मी म्हणाले, आमच्या घरी अण्णा आहेत. सातबारा त्यांच्या नावावर आहे. पण ठरवतात तात्या.”

आमच्या घरी! काकूच्या कमरेची चावीसुद्धा तिनं सोडली नव्हती. समोरचे लोक टाळ्या वाजवत होते.

मला वाटलं, आता घरात भडका उडेल. तात्या मांडीवर थाप मारून हसले. “आरं, ही तर आपलंच समदं सांगायली!” काकू लाजली. आणि अण्णा, वय झालेले, कानाला हात लावून ऐकत होते, ते जाईल तिथं सांगत सुटले की गंगाखेडच्या त्या पोरीनं आपल्याला राज्यपाल केलं. मी किती वेळा म्हणाले, अण्णा, तुमची नेमणूक मी केली होती. “हां, हां,” म्हणायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचे. जाईपर्यंत सांगत होते.

त्यानंतर किती माघ गेले. मी दरवर्षी परीक्षेचे गठ्ठे उघडताना सही करते, पोरींच्या वेण्या बघते, उशिरा आलेल्याला फाटकातून परत पाठवते, आणि मनातल्या मनात अर्चीशी भांडते. तू माझं घर चोरलंस. एकदा तरी माझं नाव घ्यायचं होतंस. मी तिला काय दिलं होतं ते मात्र या भांडणात मी कधी काढत नाही. आपल्या भांडणात आपण आपल्या सोयीचंच बोलतो.

यंदा परीक्षेच्या रविवारी एका शाळेवर मी समन्वयक होते. पेपर सुटला, उत्तरपत्रिका सीलबंद झाल्या, पोरं सायकली आणि मोटारसायकली काढून गेली. अंगणात शेंगांची टरफलं आणि एक विसरलेला हातमोजा. मॅडमची गाडी आली. शिपाई चहा सांगायला गेला आणि वर्गात आम्ही दोघीच उरलो. ती लहान पोरांच्या बाकावर बसली, गुडघे वर घेऊन, आणि उरलेली एक प्रश्नपुस्तिका चाळायला लागली. तिचे केस कानाजवळ पांढरे झालेत. ते बघून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

“ज्योते,” ती एकदम म्हणाली, “मामा आलाय बग यंदाबी.”

तिनं पुस्तिका माझ्याकडं वळवली. महाधिवक्ता. माझ्या हातातली लाखेची कांडी खाली पडली.

“मत न्हाई त्याला,” मी म्हणाले. इतक्या वर्षांनी तोंडातून सुटलं, आणि मॅडम म्हणायचं राहून गेलं.

“ठाऊक हाय की.” तिनं कांडी उचलून मला दिली. “तवाच ठाऊक हुतं. तुमच्या शेतात तात्यांनी मामाला इचारलं न्हवतं, मी बगितलं हुतं. बिचारा कनीस चोळत बसला. मत असतं तर तुजं लगीन थांबलं नसतं का?”

बाहेर शिपायाच्या चपलांचा आवाज आला आणि लांब गेला.

“मग लिहून कामून घेतलंस?”

“तू सांगायलीस म्हनून. तू डबा आनायला गेलीस तवा खोडलं.”

“अन् मला काहीच बोलली न्हाईस? इतकी सालं?”

अर्चीनं थोडा विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. “तवा बोलले असते तर तू पुढलं शिकवलं नसतंस,” ती म्हणाली. “माजं लय राहिलं हुतं अजून. पंचायत राज तर समदंच.”

मला तिनं माफ केलं असतं तर मी सोसलं असतं, निदान आतून चार शिव्या घातल्या असत्या. पण तिनं माफबिफ काही केलंच नव्हतं. तिला पंचायत राज हवं होतं.

“अन् आमचे अण्णा?” मी म्हणाले. आवाज चढला माझा. “ते माझे हुते. घर माझं हुतं.”

“हो. चोरले मी,” ती म्हणाली. “आमच्या घरात मी अन् आई. त्यात राज्यपाल कुनाला करू अन् मुख्यमंत्री कुनाला?” मग ती बाकातून कशीबशी उठली आणि साडीच्या निऱ्या झटकल्या. “तू मला खोटं दिलंस, मी तुजं खरं घेतलं. फिटलं की, ज्योते.”

चहा आला. आम्ही उभ्यानं घेतला. ज्योतीताई, अहवाल आजच पाठवा, म्हणाली आणि गाडीत बसली.

तिचं फिटलं असेल. माझं कुठलं फिटतंय! तिच्या गाडीचा मला हेवा वाटतो, दालनाचा वाटतो, तिच्या नावाच्या पाटीचा वाटतो, आणि आईनं विणलेल्या त्या जुन्या स्वेटरचा अजून वाटतो. पण त्या रिकाम्या वर्गात मला सगळ्यांत जास्त हेवा वाटला तो बोटाएवढ्या पेन्सिलीचा. समोरची आपल्याला खोटं सांगतेय हे कळलेलं असताना मान खाली घालून ते लिहून घ्यायचं, ती जिना उतरली की खोडायचं, आणि ती डबा घेऊन वर आली की म्हणायचं, पुढलं सांग. मला हे सात जन्मांत जमलं नसतं.

मी अहवाल लिहायला बसले. हजर किती, गैरहजर किती, उशिरा आल्यामुळं परत पाठवलेले किती. शेवटच्या ओळीला आल्यावर लक्षात आलं की वरचे दोन आकडे एकमेकांच्या जागी पडलेत. निळ्या पेनानं लिहिलेलं होतं. मी तो कागद चुरगाळला, नवा घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. केंद्रप्रमुख, श्रीमती अर्चना.